‘उशीर’ लिहायचा नाही

९ जुलै

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद भरपूर, आणि त्याच्याखाली एक तक्रार.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी माझ्या सोयीने भरतो, असं तुझ्या मामीचं म्हणणं आहे. कागदावर तसं करता येत नाही. शिवाय रागाला कागद बरा, मध्येच कोणी ‘बरं, जेवलात का?’ विचारत नाही.

तर राग असा. गेल्या आठवड्यात तुमच्या विमानकंपनीने वादळ येणार म्हणून एकशे चाळीस उड्डाणं रद्द केली. तीही आदल्या दिवशी संध्याकाळीच! आणि वादळ आलं का? नाही. ते निम्म्या वाटेतून समुद्राकडे वळलं. दुसऱ्या दिवशीचा तुमच्या विमानतळाचा फोटो पेपरात आहे, माणसं गॉगल लावून उभी आहेत. त्या निळ्या शेपटीच्या विमानवाल्यांनी काय केलं? त्यांनी नुसतं ‘उशीर’ असं जाहीर केलं, वाट पाहिली आणि अकरा वाजता भुर्रकन उडाले. वर तुमचे प्रवासीही घेऊन गेले. त्यांचा शेअर चढला. आपला असा पडला की अजून उठून बसलेला नाही.

मला माझं दुःख नाही, पण आमच्या बाकड्याचं आहे. बागेतल्या त्या बाकड्यावरच्या सात म्हाताऱ्यांनी तुमचे शेअर घेतले ते माझ्या शब्दावर. ‘माझी भाची आहे तिथे,’ एवढाच माझा अभ्यास होता. आता दातांचे डॉक्टर माझ्याकडे बघून हसत नाहीत, आणि निवृत्त पोस्टमास्तर माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात, तेही खोचक.

अगं, मी एकतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. मला का वादळवाऱ्याचं कळत नाही? पुलाची गोष्ट तुला पाठ आहे. डोंगरापलीकडे जाणारी सकाळची बस मी आदल्या संध्याकाळी रद्द केली, सकाळी प्रवाशांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तासाभरात नदीवरचा पूल वाहून गेला. त्याला म्हणतात निर्णय. आणि हा तुमच्याकडचा कोण भित्रा भागूबाई, जो ढग दिसण्याआधीच छत्री उघडून बसतो? त्या हुकमावर सही कोणाची होती ते मला कळव. अकरा ऑगस्टला भागधारकांची सभा आहे. मी तिथे उभा राहून विचारणार आहे.

तुझाच,
मामा

ता. क. तू तिथे नक्की काय काम करतेस? बाकड्यावर विचारतात. मी ‘मोठं’ एवढंच सांगतो.


१४ जुलै

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र मिळालं, आणि राग पाकिटाबाहेरूनच कळला. तिकीट उलटं लावलं होतंत.

बाकड्यावरच्या सगळ्यांचं नुकसान झालं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण सही कोणाची ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडे तसा नियम आहे.

माझं काम म्हणाल, तर हवामानाचे कागद वाचायचे आणि कुठे कुठे सह्या करायच्या. खोलीला एकही खिडकी नाही. आकाशाचं काम करणाऱ्या माणसांना आकाश दिसू नये अशी सोय केली आहे. भिंतभर पडदे, त्यांवर विमानांचे ठिपके, आणि कोपऱ्यात कॉफीचं यंत्र, जे कायम ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणतं.

ते वाचलं की मला तुमचं बसस्थानक आठवतं. सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे तेव्हा तुम्ही खडूने पाटीवर गाड्यांच्या वेळा लिहायचात, आणि ओलं फडकं माझ्या हातात असायचं. एकदा तुम्ही मला रागावला होतात. मी स्वतःच्या अकलेने एका गाडीपुढे ‘उशीर’ लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, “आपल्या पाटीवर ‘उशीर’ लिहायचा नाही. गाडी जाणार असेल तर वेळ लिही, नसेल तर पूस. ‘उशीर’ वाचलं की माणूस बसून राहतो. त्याला धड गावाला जाता येत नाही, धड घरी जाता येत नाही.”

आठवतं का हो?

तुमची,
भिंगरी


१४ जुलै

प्रिय मामी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. मामांना दाखवू नकोस.

तो भित्रा भागूबाई मीच आहे गं.

गेल्या वर्षीच्या बढतीनंतर वादळात विमानं उडवायची की नाही, यावरची शेवटची सही माझी असते. त्या संध्याकाळी साडेसहाला मी एकशे चाळीस उड्डाणं पुसली. नकाशावर वादळाची वाट उघडलेल्या पंख्यासारखी दिसते आणि आमचं विमानतळ त्या पंख्याच्या बरोबर मधोमध होतं. रद्द करायचं तर आदल्या दिवशीच करायला हवं. तेव्हा लोक घरीच असतात, पोरंबाळं घेऊन विमानतळाच्या फरशीवर झोपत नाहीत. मी ‘उशीर’ लिहू शकले असते. हातच चालला नाही.

आणि वादळ वळलं. सकाळी मी गच्चीवर गेले तर आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. मला रडू आलं. वादळ आलं नाही म्हणून रडणारी बाई तू कधी पाहिली आहेस का? मला माझीच लाज वाटली.

आता खरं संकट ऐक. आमच्या कंपनीतला सगळ्यात मोठा गुंतवणूकदार म्हणतो, त्या खुर्चीवर धंदा कळणारा माणूस बसवा. अकरा ऑगस्टची सभा झाली की त्याच संध्याकाळी संचालक मंडळ ठरवणार, मी खुर्चीत राहते की हरवलेल्या सामानाच्या विभागात जाते. सामानाचं मला वावडं नाही. पण माझ्या जागी जो येईल त्याला ‘उशीर’ लिहिण्यासाठीच आणतील, हे मला दिसतं आहे. म्हणून ही खुर्ची मला हवी आहे, मामी. फार हवी आहे.

आणि लेखी प्रश्नावर आठ भागधारकांच्या सह्या असल्या की ज्याचं काम त्यानेच उभं राहून उत्तर द्यायचं, असा आमच्याकडे नियम. बाकड्यावर किती जण बसतात ते तुला माहीत आहे. म्हणजे मामा प्रश्न विचारणार आणि समोर मी.

काय करू?

तुझी,
भिंगरी


२० जुलै

बाळ,

तुझं पत्र मशीनच्या खणात ठेवलं आहे. तिकडे तुझे मामा हात घालत नाहीत, एकदा सुई लागली होती.

आधी डोळे पूस. मग मी सांगते ते वाच. हे या घरात कोणी बोलत नाही.

पुलाची गोष्ट खरी आहे. सत्कार झाला, फोटो झाला, तो फोटो बाहेरच्या खोलीत आहे आणि गोष्ट प्रत्येक लग्नात होते. पण तुझ्या मामांनी अशी पाटी एकदा नाही, पाच वेळा पुसली. पूल एकदाच वाहिला. बाकी चार वेळा काही म्हणजे काही झालं नाही.

एकदा मोठा पाऊस येणार म्हणून गाडी रद्द केली. शिंतोडाही पडला नाही. एकदा दरड कोसळेल म्हणून. ती दरड अजून जागच्या जागी आहे, मागच्या महिन्यात मी तिच्याखालून गेले. एकदा धुक्यासाठी, तर नऊ वाजता लख्ख ऊन. चौथ्यांदा वाऱ्यासाठी, आणि त्या गाडीने मोठ्या साहेबांच्या सासूबाई जाणार होत्या. चारही वेळा मेमो आले. शेवटच्या मेमोने दोन वर्षांची पगारवाढ खाल्ली. त्या दोन वर्षांत मी शाळेचे इतके गणवेश शिवले की अजूनही निळं कापड दिसलं की माझी मान दुखते. पण मी एकदाही त्यांना म्हटलं नाही की गाडी सोडायची होतीत. कारण रद्द करून घरी यायचे त्या प्रत्येक संध्याकाळी त्यांचं तोंड सारखंच असायचं. पुलाच्या आदल्या संध्याकाळीही तेच तोंड होतं.

ते चार मेमो बटणांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांना वाटतं, मी कधीच फेकले. त्यांना ते विसरायचे होते आणि ते छान विसरलेही. पुरुषमाणसाला सत्कार लक्षात राहतो.

आता माझा सल्ला. सही तुझी होती हे त्यांना तूच कळव. मी बोलले तर ते लगेच तुझी बाजू घेतील, पण भाची म्हणून घेतील. तुला तसं नको आहे, हे मला कळतं.

जमलं नाही तर मी बघते काय करायचं. हातात कात्री आहे.

मामी


२६ जुलै

प्रिय भिंगरी,

विजय असो! प्रश्न तयार झाला. मसुदा माझा, अक्षर पोस्टमास्तरांचं, स्वल्पविराम दातांच्या डॉक्टरांचे. आठ सह्या झाल्या. तुमच्या कंपनीचं पत्रही आलं की ‘संबंधित अधिकारी सभेत समक्ष उत्तर देतील’. म्हणजे भागूबाईचं दर्शन होणार!

शेवटची ओळ ऐक, मला फार आवडली आहे: “स्वच्छ आकाशाला घाबरणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आमची आयुष्यभराची पुंजी का द्यावी?” मी ती आरशासमोर म्हणतो. मामी म्हणाली, आरसा घाबरेल.

आम्ही आठही जण बसने येणार. तू फोनवर विमानाची तिकिटं पाठवतेस म्हणालीस, पण नको. विमानात मी पैसे गुंतवले आहेत, जीव नाही. मामी माझा कोट दुरुस्त करते आहे, अस्तर उसवलं आहे म्हणे. मला तर काही उसवलेलं दिसलं नाही.

तुझ्या पत्रातली पाटीची आठवण वाचली. छान होते ते दिवस. पण तिचा इथे काय संबंध? मी पुसायचो तेव्हा पूल वाहायचा!

तुझा,
मामा


३ ऑगस्ट

मामी,

तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पहिल्यात मी रडले, दुसऱ्यात भांडले, तिसऱ्यात फक्त त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्यांनी ती शेवटची ओळ इतक्या हौसेने लिहिली आहे की मला ती पाठ झाली आहे. आता जे व्हायचं ते मंचावरच होऊ दे. त्यांना म्हणावं, ओळ मोठ्याने म्हणा, मागच्या रांगेपर्यंत आवाज जात नाही.

भिंगरी


१४ ऑगस्ट

भिंगरी,

सभा संपल्यावर तू मला शोधत होतीस, असं पोस्टमास्तर म्हणाले. मी बस चुकेल म्हणून निघालो असं त्यांना सांगितलं. बसला अजून अडीच तास होते. मला तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं, हे खरं कारण.

तुला मंचावरून जे दिसलं नाही ते सांगतो.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं आणि म्हणाले, उत्तर द्यायला आमच्या उड्डाण-नियंत्रण प्रमुख इथे आहेत. आणि तू उभी राहिलीस. मला आधी वाटलं, तू मला पाणी द्यायला उठलीस. मग तुझ्यापुढची पाटी वाचली. मी खालीच बसणार होतो, डॉक्टरांनी मागून कोट धरला.

तुझं तोंड पाहिलं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. कुठे पाहिलंय ते मात्र आठवेना.

मी डाव्या खिशात हात घातला, प्रश्न तिथे होता. हात आत जाईना. खिसा शिवलेला! दुहेरी टाका, वर गाठ. उजव्या खिशात हात घातला तर घडी घातलेले चार कागद हाताला लागले. उघडले. आणि मग आठवलं, ते तोंड कुठे पाहिलं होतं. बसस्थानकाच्या हात धुण्याच्या आरशात.

तुझी मामी म्हणते, तिने खिसा शिवला म्हणून मी वाचलो. तिला तसं म्हणू दे. पण तुला म्हणून सांगतो, प्रश्न मला तोंडपाठ होता. शेवटच्या ओळीसकट. तो मी म्हटला नाही, ते माझं मी ठरवलं.

त्यानंतर मी काय बोललो ते तू ऐकलंसच. चारही मेमो वाचले. सासूबाईंच्या मेमोला लोक हसले, ते मला आवडलं. बाकीचं मला नीट आठवत नाही. पोस्टमास्तर सांगतात की मी म्हणालो, “मी पाच वेळा गाडी रद्द केली आणि एकदाच पूल वाहिला. पाचही संध्याकाळी मला सारखीच भीती वाटली होती. पूल कोणत्या दिवशी जाणार हे आधी कळलं असतं तर मी नियंत्रक झालो नसतो, ज्योतिषी झालो असतो. या बाईंनी सहावी पाटी पुसली आहे. माझा प्रश्न मी मागे घेतो.” असं म्हणालो असेन तर बरं झालं.

पण भिंगरी, मी तुला भित्री म्हणालो. सही कोणाची ते तुला माहीत असताना, तुलाच लिहिलेल्या पत्रात. तू मला माझीच पाटी आठवून दिलीस आणि मी ‘तिचा इथे काय संबंध’ म्हणालो. एकच पूल सांगत सांगत मी स्वतःलाच फसवत आलो. मला माफ कर. मला फार वाईट वाटतं आहे.

तुझ्या खुर्चीचं मामीने मला आता सांगितलं. त्या संध्याकाळी काय ठरलं? खुर्ची राहिली का? लगेच कळव. वाईट असलं तरी कळव. ‘थोड्या वेळाने’ म्हणू नकोस.

मामा


१९ ऑगस्ट

प्रिय मामा,

खुर्ची राहिली. एका मताच्या फरकाने.

ते मोठे गुंतवणूकदार विरोधातच होते, पण म्हणाले की या सभेत खरं बोलणारा एकच माणूस उभा राहिला आणि नेमके त्याच्याकडे सगळ्यात कमी शेअर आहेत. तुम्ही माझे मामा, हे मी अध्यक्षांना सभेआधीच लिहून दिलं होतं. ते विसरले होते, की विसरल्यासारखं केलं, कोण जाणे. मतं मोजून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “त्या सासूबाई मग गेल्या कशा?”

अट एक घातली आहे. यापुढे दर वेळी रद्द करण्याआधी अर्धं पान कारण लिहून द्यायचं. म्हणजे मेमोच, फक्त आधी आणि माझ्याच हातचा.

माफी कसली मागता? ते फडकं माझ्या हातात कोणी दिलं होतं? तुम्ही कागद वाचत होतात तेव्हा मी टेबलाखाली स्वतःचा हात घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर मंचावरून उतरून तुमच्याकडे धावले असते. पुढच्या वेळी बस खरोखर चुकू द्या.

शेअर मात्र आहे तिथेच आहे. बाकड्यावर कसं चाललंय?

आणि आता एकदा विमानाने याच. दोघंही. ऑक्टोबरची तिकिटं सोबत पाठवते आहे. मामीला खिडकी, तुम्हाला मामी.

तुमची,
भिंगरी


६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

आज सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा विमानाने निघणार होतो, हे तुला माहीत आहे. काल संध्याकाळी सव्वासहाला संदेश आला. ‘हवामानामुळे आपलं उद्याचं विमान रद्द करण्यात आलं आहे.’

मी नवे बूट घातले होते. सवय व्हावी म्हणून काल दुपारपासूनच. बॅग दाराशी होती. सगळ्या बाकड्याने मला निरोप दिला होता, आणि पोस्टमास्तरांनी, ज्यांनी सप्टेंबरात आपले शेअर विकून टाकले, त्यांनीसुद्धा हात हातात घेऊन ‘जपून’ म्हटलं होतं. डॉक्टरांनी विकले नाहीत. ते आता हसतात, पण अर्धंच.

आता सकाळचे साडेदहा वाजले आहेत. मी खिडकीत बसून लिहितो आहे. ऊन कडक आहे. मामीने चादरी वाळत घातल्या होत्या, त्या वाळून घड्याही झाल्या. रेडिओवर सांगितलं, वादळ रात्रीच उत्तरेला सरकलं. निळ्या शेपटीचं एक विमान आत्ताच आमच्या डोक्यावरून गेलं. बाकड्यावर आज मी जाणार नाही.

मी तो संदेश तीनदा वाचला. त्यात ‘उशीर’ हा शब्द कुठेही नाही.

मग मामीच्या दुकानात गेलो, बटणांचा डबा काढला, आणि चार मेमोंवर ते तिकीट ठेवून झाकण लावलं. मामी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “बूट काढा आता, चावत असतील.”

बूट काढले. नवी तिकिटं पाठव.

तुझा,
मामा